दगडात थोडा गॅस असला की सिस्मिक लहर (जमिनीतनं जाणारी कंपनाची लहर) किती दमते, हिशेब असा करा

भावांनो, आपल्या कोल्हापूरच्या खाली सगळा काळा बसाल्ट, गॅसवाले वाळूचे थर बघायचे तर कृष्णा-गोदावरी खोऱ्याकडं जावं लागतं, पण हिशेबाला वही आणि कॅल्क्युलेटर बास.

आधी पाणी आणि गॅस एकजीव मिसळलेत असं धरून वूडचं सूत्र (मिश्रण दाबायला किती कडक ते सांगणारं) लावा. पाण्याचा बल्क मॉड्युलस (दाबायला किती कडक त्याचं माप) 2.25 गिगापास्कल, खोलवर दाबलेल्या गॅसचा 0.03 धरला तर नुसत्या 5 टक्के गॅसनं मिश्रण 0.48 वर येतं. (ग्लासात सोडा ओतून लगेच तळाला चमच्यानं टकटक करा, आवाज जाडा येतो, बुडबुडे गेले की चढतो, तोच प्रकार.) वेगाची बरीचशी घसरण या पहिल्या 5 टक्क्यातच होऊन जाते, त्यामुळं वेगावरनं गॅस आहे एवढं कळतं, किती ते नीट कळत नाही.

आता खरी गंमत. गॅस एकसारखा नसतो, ठिकठिकाणी चकंदळं (गॅसचे वेगवेगळे ठिपके) असतात, लहर दाबते तेव्हा पाण्याच्या भागात दाब जास्त चढतो आणि पाणी गॅसकडं सरकतं, त्या घर्षणात लहरीची ताकद उष्णता होऊन जाते. 1975 ला व्हाइट नावाच्या भूभौतिकशास्त्रज्ञानं हेच मांडलं. फ्रिक्वेन्सी लई कमी असली तर दाब निवांत सारखा होतो, लई जास्त असली तर पाण्याला सरकायला वेळच नाही, दोन्हीकडं नुकसान कमी, मधे कुठंतरी सगळ्यात जास्त.

ते मधलं ठिकाण काढायचं तर पर्मिएबिलिटी (दगडातनं पाणी किती सहज वाहतं) गुणिले दगडाचा मॉड्युलस भागिले व्हिस्कॉसिटी (पाण्याचा दाटपणा). 100 मिलिडार्सी, 5 गिगापास्कल, पाण्याची 0.001 पास्कल-सेकंद, उत्तर 0.5 चौरस मीटर दर सेकंदाला. त्याला चकंदळाच्या आकाराच्या वर्गानं भागा: 10 सेंटीमीटरला 50 हर्ट्झ, 1 सेंटीमीटरला 5000. आकडे अंदाजेच, पण सिस्मिक सर्व्हे साधारण 10 ते 100 हर्ट्झमधे चालतो, म्हणजे त्याला सतावणारं चकंदळ हाताच्या वितीएवढं. म्हणूनच लॅबमधे मेगाहर्ट्झवर मोजलेला क्यू (जितका कमी तितकी लहर लवकर दमते, असं माप) उचलून फिल्डवर चिकटवू नका.

क्यू 20, 50 हर्ट्झ, थरात 0.1 सेकंद प्रवास: पाय गुणिले 50 गुणिले 0.1 भागिले 20 म्हणजे 0.785, अँप्लिट्यूड 46 टक्के उरतं. क्यू 100 असता तर 85. डेटावरनं क्यू काढायचा तर थराच्या वरच्या आणि खालच्या सिग्नलच्या स्पेक्ट्रमचा (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती ताकद त्याचा) रेशो घ्या, त्याचा लॉग फ्रिक्वेन्सीवर प्लॉट करा, उतारावरनं क्यू निघतो, फक्त पातळ पातळ थरांत लहर परत परत आपटून उड्या मारते त्यानं पण सिग्नल असाच मंदावतो, तो भाग वजा केल्याशिवाय गॅस म्हणू नका.