४० मीटर बँडसाठी तारेचा डायपोल कसा टाकायचा

हॅम म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स आलं, कॉलसाइन (हवेत ओळख सांगायची आपली खूण) मिळाला की पहिला प्रश्न अँटेनाचा, आणि त्यासाठी टॉवर पाहिजे म्हणून थांबून राहू नका. ४० मीटरवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या बँडवर, डायपोल (मध्ये केबल जोडलेली, दोन सारख्या तारांची अँटेना) दहा मीटर उंचीच्या आत लावला तर सिग्नल बराचसा सरळ वर जातो आणि आयनोस्फिअर या हवेच्या खूप वरच्या थरावरून परत खाली येतो, त्यामुळे दिवसा जळगाव-धुळ्याहून पुणे, मुंबई, इंदूर असल्या अंतराला उलट हेच बरं पडतं.

जागा बघताना सगळ्यात आधी लाईटच्या तारा बघा. शेतातून ११ केव्हीची लाईन गेली असेल तर आपली तार तुटून पडली, वाऱ्याने उडाली तरी तिथपर्यंत पोचणार नाही इतकं लांब राहायचं, यात तडजोड नाहीच. सोलर पंपाचा कंट्रोलर जवळ असेल तर रिसीव्हरमध्ये खरखर येते, त्यापासूनही दूर.

दोन्ही बाजू मिळून तारेची लांबी मीटरमध्ये काढायला १४३ भागिले फ्रिक्वेन्सी, मेगाहर्ट्झमध्ये. ७.१ ला २०.१४ मीटर येतात, म्हणजे एका बाजूला साधारण १० मीटर. घरच्या वायरिंगची दीड स्क्वेअर एमएमची वायर चालते, पण पीव्हीसी कोटिंगमुळे ती शेवटी याहून थोडी आखूडच लागते. तरीपण सुरुवातीला दोन्ही बाजू १०.३० घ्या, कारण कापणं नंतरही होतं.

मधल्या जोडावर मन लावून काम करा. पीव्हीसी पाईपच्या तुकड्याला भोकं पाडून दोन्ही तारा त्यातून ओवून गाठ मारायची, ताण गाठीवर यायला पाहिजे, सोल्डरवर अजिबात नाही. रेडिओकडे जाणाऱ्या आरजी-५८ कोअॅक्स केबलची (आत एक तार, भोवती जाळी) मधली तार एका बाजूला, जाळी दुसऱ्या बाजूला. जाळीत एकदा पाणी शिरलं की ते आत झिरपत जातं आणि केबल वाया जाते, म्हणून उघडा भाग सिलिकॉनने नीट बंद करा. खाली लगेच त्याच केबलचे आठ-दहा वेढे गोल बांधले की चोक झाला, म्हणजे जाळीच्या बाहेरून रेडिओकडे येणारा करंट अडतो.

आता मधला भाग गच्चीवरच्या पाईपला वर, दोन्ही टोकं उतरती, मध्ये कोन ९० अंशापेक्षा कमी नको. टोकांना ट्रान्समिट करताना व्होल्टेज जास्त असतं, म्हणून पोरंसोरं, गुरंढोरं यांच्या हाता-तोंडाला लागणार नाहीत इतकी उंच ठेवा, तीन मीटर तरी. निंबाला बांधत असाल तर पक्की गाठ मारू नका, दोरी कप्पीवरून घेऊन खाली विटा लटकवा, झाड हललं की विटा वरखाली होतात आणि तार वाचते. दोरी पॉलिस्टरची विणलेली घ्या, साधी पिवळी प्लास्टिकची आपल्या उन्हात भुगा होते.

मग कमी पॉवरवर एसडब्ल्यूआर बघा, म्हणजे अँटेनाकडे गेलेली किती पॉवर परत येते ते सांगणारा आकडा, जितका १ च्या जवळ तितका चांगला. समजा तो सगळ्यात कमी ६.८ मेगाहर्ट्झवर आला, तर तार लांब आहे. दोन्ही बाजू मिळून २०.६० गुणिले ६.८ भागिले ७.१ केलं की १९.७३ येतात, म्हणजे एका बाजूने ४३ सेंटिमीटर कमी करायचे. पण एकदम नाही, आधी २० कापा, परत मोजा, मग पुढचं. दोन्ही बाजू सारख्याच.

मे-जूनमध्ये ढग गडगडायला लागले की कोअॅक्स रेडिओपासून काढून घराबाहेर ठेवायची, मास्टला, म्हणजे अँटेनाच्या पाईपला, अर्थिंग असलं तरीही. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगचा रॉड सैल होतो, तिथे पाणी घालत राहा. पाऊस पडून जमीन ओली झाली की एसडब्ल्यूआर पुन्हा एकदा बघा, बुटक्या अँटेनाचा आकडा थोडा सरकतो, पण १.५ च्या आत असेल तर तारेला हात लावू नका.