ओढ्याकाठची धायटी: फुलांची तोडणी आणि लागवड

माघ सरत आला की सह्याद्रीच्या उतारांवर आणि ओढ्या-घळींच्या कडेला धायटीचं झुडूप लालभडक होतं. चैत्रापर्यंत बहर चालतो. नेमक्या याच दिवसांत काठ साफ करायला जेसीबी लागतो आणि 'झुडपं' म्हणून धायटी मुळासकट निघते. यंदा ती राहू द्या. खडकाच्या फटीतही ती मूळ धरते आणि काठाची माती सुटू देत नाही. वाट अडत असेल तर कोयत्याने फांद्या छाटा, बुंध्यातून पुन्हा फुटवा येतो.

फुलांना मागणी आहे ती आसव-अरिष्टं, म्हणजे आंबवून केलेली आयुर्वेदिक औषधं, करणाऱ्यांकडून. कुमारी आसव, अशोकारिष्ट आंबवायला धायटीचंच फूल घालतात. पण तोडण्याआधी एक फूल हातात घेऊन नीट पाहा. लाल नळी दिसते ती पाकळ्यांची नव्हे, बाह्यदलांची, म्हणजे कळीवरच्या बाहेरच्या आवरणाची. पाकळ्या तिच्या तोंडाशी अगदी बारीक असतात. बोंडही पुढे त्याच नळीत धरतं. म्हणजे सगळी फुलं ओरबाडली की त्या वर्षीचं बी गेलं. प्रत्येक झुडपावर निदान तिसरा हिस्सा फुलं ठेवा. मधमाश्या आणि शिंजीर पक्षी त्यांच्यावरच येतात.

दव सुकल्यावर तोडा, फांदी मोडू नका. सावलीत स्वच्छ कापडावर पातळ पसरा, रोज हलवा. चुरगळली की कुरकुरली पाहिजेत, मगच गोणपाटात भरा. ओलसर माल प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी धरतो आणि व्यापारी तो परत करतो. वनजमिनीवरची फुलं असतील तर आधी ग्रामसभेत आणि वनरक्षकाकडे विचारून घ्या.

बोंडं तपकिरी झाली की फुटण्याआधी काढून कागदावर झटका. बी धुळीसारखं बारीक. ते कोरड्या वाळूत मिसळून गाळमाती-शेणखताच्या वाफ्यावर नुसतं भुरभुरा, मातीआड करू नका. झारीच्या धारेने वाहून जातं, म्हणून फवाऱ्याने पाणी द्या. तणनाशक मारलेला पंप मात्र वापरू नका. चार-सहा पानांवर रोपं पिशवीत घ्या. ती हळू वाढतात, तेव्हा पुढच्या वर्षी आषाढात जमिनीत पाणी मुरल्यावर लावा. जागा पात्रात नको, काठाच्या उतारावर हवी. दोन रोपांत चार-पाच फूट अंतर, एका ओळीतलं रोप पुढच्या ओळीतल्या दोन रोपांच्या मधोमध येईल असं. पहिली दोन वर्षं गुरांपासून जपायला भोवती बोरी-बाभळीच्या फांद्या रोवा.