खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी वावरात सोडण्याआधी

खारपाणपट्टा म्हणजे पूर्णा नदीच्या खोऱ्यातला, जमिनीखालचं पाणी खारं असलेला भाग. त्यातल्या दर्यापूर भागात मी बोअरच्या मोटरी काढतो-बसवतो. पाणी वर आलं की मालक आधी चूळ भरून पाहतो, मग टीडीएस मीटर बुडवतो. आकडा हजाराच्या आत दिसला की हरभऱ्याच्या ओलिताचा बेत पक्का! मीटर वाईट नाही, पण क्षार एकूण किती एवढंच ते सांगतं, कोणते ते सांगत नाही. आपल्या काळ्या मातीचा घात करतो तो सोडियम.

वर अंजनगावकडं, सातपुड्याच्या पायथ्याशी, जमिनीखाली गोटे अन् रेती आहे, म्हणून पाणी वाहतं राहतं, गोडं राहतं. तिथून पूर्णेकडं उतरत आलं की गाळ बारीक होत जातो, पाणी जागीच अडून राहतं अन् खारं होतं. त्यामुळं शेजारच्या गावचा रिपोर्ट आपल्या बोअरला लावू नका. त्याच धुऱ्यावरच्या विहिरीचाही नको.

घरात एक खूण मिळते. साबणाला भरपूर फेस येतो, हात बुळबुळीत राहतात अन् डाळ लवकर शिजते, म्हणून घरची मंडळी खूश असतात. असं पाणी बरेचदा सोड्याचं, म्हणजे सोडियम बायकार्बोनेटचं असतं, कॅल्शियम कमी असलेलं. वावरासाठी मला त्याचीच जास्त धास्ती वाटते.

माती स्वतः पाहून घ्या. ज्या तुकड्याला हे पाणी आधीपासून देताय, तिथलं बोराएवढं वाळलेलं ढेकूळ काचेच्या ग्लासात ठेवा अन् वरून बॅटरीत टाकायचं पाणी अलगद ओता. ढवळायचं नाही, ग्लास हलवायचाही नाही. दोन-तीन तासांनी ढेकूळ नुसतं फुटून तळाशी बसलं अन् पाणी नितळ राहिलं, तर बरं आहे. ढेकळाभोवती दुधासारखा गढूळपणा पसरला, तर जमीन चोपण, म्हणजे सोडियमनं बिघडलेली, व्हायला लागली. हीच परीक्षा बोअरच्या पाण्यात केली तर फसाल, कारण खाऱ्या पाण्यात चिकणमातीचे कण एकमेकांना धरून राहतात. वावरातही तेच होतं. रब्बीत ओलीत करताना माती भुसभुशीत दिसते. मृगात वरचे क्षार धुऊन जातात, सोडियम कणांना चिकटून राहतो, कण सुटे होऊन छिद्रं बुजवतात अन् वर पापडी धरते. लोक मग पावसाला बोल लावतात.

नमुना मे महिन्यात घ्या, दुसरा पावसाळ्यानंतर. मोटर 10-15 मिनिटं चालू द्या, लिटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, काठोकाठ भरा. फवारणीच्या औषधाची बाटली चालत नाही, हे सांगायला नको, तरी सांगतो. गट नंबर, खोली, तारीख लिहून लवकर पोचतं करा. हेच पाणी पिणार असाल तर फ्लोराइड अन् नायट्रेटही मागा: मर्यादा लिटरला 1.5 अन् 45 मिलिग्रॅम.

रिपोर्ट आला की लिटरला मिलिग्रॅममधले आकडे घ्या: बायकार्बोनेटला 61 नं भागा, कॅल्शियमला 20 नं, मॅग्नेशियमला 12 नं. समजा आकडे 549, 40 अन् 36 आहेत. म्हणजे 9, 2 अन् 3. नवातून पाच वजा केले, उरले 4. कार्बोनेट दाखवलं असेल तर त्याला 30 नं भागून नवात मिळवा. हा उरलेला आकडा 1.25 च्या आत असला तर बिनधास्त ओलीत करा, 2.5 च्या वर गेला तर थांबा. सोबत एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या मानानं सोडियम किती) 10 च्या आत अन् ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे एकूण क्षारांचं माप) 2.25 डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या आत आहे का तेही पाहा. आकडा 2250 असा छापला असेल तर एकक मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटर आहे, घाबरू नका.

आपल्या उदाहरणात 4 चे 2.5 वर आणायचे, म्हणजे दीड कमी करायचा. एकरभर चार इंच ओलिताला साधारण चार लाख लिटर पाणी लागतं. त्यासाठी कॅल्शियम पुरवणारं शुद्ध जिप्सम 50 किलोच्या आसपास, अन् तेही दर ओलिताला. जमीन आधीच चोपण झाली असेल तर हा हिशोब पुरत नाही. मातीचा वेगळा नमुना अकोल्याच्या कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या माती परीक्षण केंद्रात द्या अन् जिप्समची गरज लिहून मागा.