माउसऐवजी नजरेने काम सुरू करण्यापूर्वीची तयारी

मनगट किंवा खांदा दुखत असल्याने माउस धरणे अवघड झाले आहे, पण रोजचे काम मात्र संगणकावरच आहे, अशा व्यक्तीने नजरेचा माग घेणारे उपकरण विकत घेण्याआधी ते आपल्या संगणकावर आणि आपल्याला हव्या त्या प्रणालीबरोबर चालते की नाही, याची खात्री करून घ्यावी. विंडोजमध्ये २०१७ पासून ‘आय कंट्रोल’ ही सोय अंतर्भूत आहे, परंतु तिला मान्य असलेले उपकरण लागते. आयफोन १२ आणि त्यानंतरच्या फोनवर मात्र २०२४ मध्ये आलेल्या आयओएस १८ पासून समोरचा कॅमेराच हे काम करतो.

त्यानंतर बसण्याची जागा पाहावी. संगणकाच्या पडद्याच्या खालच्या कडेला बसवलेली या उपकरणाची पट्टी डोळ्यांवर अवरक्त प्रकाश टाकते आणि बाहुलीचे स्थान व कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पारदर्शक पुढच्या आवरणावर, उमटणारे त्या प्रकाशाचे प्रतिबिंब यांवरून नजर कोठे आहे ते ठरवते. उन्हातही अवरक्त किरण असल्यामुळे खिडकीला जाड पडदा लावणे आवश्यक ठरते. डोळे संगणकाच्या पडद्यापासून साधारण ६० सेंटीमीटरवर राहतील अशी खुर्ची ठेवावी आणि काम करताना जो चष्मा वापरतो तोच घालून कॅलिब्रेशन, म्हणजे उपकरणाची आपल्या नजरेशी जुळणी, करावे. बायफोकलची रेघ बाहुलीच्या आड येऊन माग तुटत असेल, तर संगणकाच्या अंतरासाठी एकाच क्रमांकाचा वेगळा चष्मा करून घेणे हिताचे आहे.

कॅलिब्रेशन उत्तम झाले तरी अर्ध्या ते एका अंशाची चूक राहतेच, आणि ६० सेंटीमीटरवरून एक अंश म्हणजे पडद्यावर सुमारे एक सेंटीमीटर. टॅब बंद करण्याची फुली त्याहून बारीक असते. म्हणून ब्राउझरमधील मजकूर दीडपट मोठा करावा आणि टॅब बंद करण्यासारखी कामे, बोटे चालत असतील तर, कळफलकावर सोपवावीत.

सर्वाधिक विचार क्लिकचा करावा. डोळा मुळात पाहण्यासाठी आहे. तो जेथे थांबेल तेथे क्लिक होऊ लागले, तर वाचणेही धोक्याचे होते. संगणक-संशोधक रॉबर्ट जेकब यांनी १९९० च्या आपल्या शोधनिबंधात या अडचणीला, हात लावील त्याचे सोने होणाऱ्या मिडास राजाचे नाव दिले होते. माझ्या मते नजरेने फक्त जागा दाखवावी आणि क्लिक कळफलकावरील एखाद्या कळीने, पायाखालच्या पेडलने किंवा तोंडाने काढलेल्या ठरावीक आवाजाने करावे. अन्य कोणतीही हालचाल शक्य नसेल तरच नजर रोखून क्लिक करण्याचा पर्याय निवडावा, तोही प्रथम पूर्ण एक सेकंदाच्या अवधीने. ‘पाठवा’ आणि ‘पैसे भरा’ या बटणांपाशी अवधी कमी ठेवण्याची घाई विशेष महागात पडते.

लांबलचक मराठी मजकूर नजरेने एकेक अक्षर टिपून लिहिणे फार थकवणारे आहे. त्यासाठी गूगल डॉक्समधील मराठी व्हॉइस टायपिंग आधीच लावून ठेवावे. माग थांबवण्याची कळ किंवा बटणही पहिल्याच दिवशी निश्चित करावे, कारण दीर्घ वाचनात आणि डोळे मिटून विश्रांती घेताना ते हाताशी असावे लागते.