जिलेटिनचे नॅनोतंतू: कातणे सोपे, टिकवणे अवघड

इलेक्ट्रोस्पिनिंगने (सुईतल्या द्रावणाला उच्च व्होल्टेज देऊन बारीक तंतू ओढण्याच्या पद्धतीने) जिलेटिनचा पांढराशुभ्र पडदा सहज निघतो आणि पेशी वाढवण्याच्या द्रवात टाकला की तितक्याच सहज विरघळतो. निम्मी मेहनत क्रॉसलिंकिंगसाठी, म्हणजे साखळ्या एकमेकींना रासायनिक बंधांनी जोडण्यासाठी, राखून ठेवा.

9 मिली ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड आणि 1 मिली डिस्टिल्ड वॉटर एकत्र करून त्यात 2.5 ग्रॅम टाइप-ए (आम्ल प्रक्रियेने काढलेले) जिलेटिन घाला. 40 अंश सेल्सियसला, झाकण लावून, दोनेक तास ढवळा. नुसत्या पाण्यातले जिलेटिन गार होताच सुईत थिजते, म्हणून ॲसिड. द्रावण त्याच दिवशी वापरा. ॲसिड जिलेटिनच्या साखळ्या तोडत राहते, चिकटपणा उतरतो आणि तंतूंवर मणी येतात. (ज्यापासून जिलेटिन बनते ते कोलॅजन महागड्या फ्लोरिनेटेड अल्कोहोलमध्ये विरघळवून कातले, तरी त्याची तिहेरी वेटोळी बहुतांशी मोडतात. म्हणजे हाती महागडे जिलेटिनच!)

बोथट टोकाची 22 गेजची सुई, 15 किलोव्होल्ट, ताशी 0.3 मिली, कलेक्टर (तंतू जमा होणारा पत्रा) 12 सेंमीवर. आर्द्रता 40 टक्क्यांच्या आत हवी. सुईच्या टोकाशी स्थिर शंकू दिसला पाहिजे. थेंब खाली गळत असेल तर प्रवाह कमी करा. टोकाला वाळलेला गोळा धरला तर व्होल्टेज बंद करून, टोक अर्थिंगला जोडून मगच पुसा. मणी दिसले तर आधी जिलेटिन वाढवा, व्होल्टेजशी नंतर खेळा. तंतू चपटे, एकमेकांना चिकटलेले असतील तर ते ओलेच पोहोचताहेत: अंतर वाढवा.

पडदा रात्रभर व्हॅक्यूममध्ये वाळवा. मग कडा चौकटीत घट्ट धरा, नाहीतर तो आक्रसून सुरकुततो. क्रॉसलिंकिंगसाठी डेसिकेटरच्या (झाकणबंद काचपात्राच्या) तळाशी 25 टक्के ग्लुटारल्डिहाइड ठेवून 24 तास वाफ द्या, फ्यूम हूडमध्येच. पडदा पिवळसर झाला की बंध जुळू लागलेत. या द्रावणातले पाणीही वाफेबरोबर चढते आणि तंतू जिथे एकमेकांवरून जातात तिथे ते वितळून जुळतात. हे टाळायचे तर 90 टक्के इथेनॉलमध्ये ईडीसी-एनएचएस ही बंध जोडणाऱ्या रसायनांची जोडी वापरा.

ग्लुटारल्डिहाइड वापरले असेल तर 0.1 मोलर ग्लायसिनमध्ये तासभर बुडवून तीनदा धुवा. उरलेले अल्डिहाइड पेशी मारते. निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह (दाबाखालची वाफ) नको, 70 टक्के इथेनॉल पुरे.

पेशी सोडण्याआधी एक तुकडा 37 अंशांच्या बफरमध्ये दिवसभर ठेवा, वाळवा आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. डोळ्यांना अखंड दिसणारा पडदा आतून सपाट थर झालेला असू शकतो.