बाल्कनीत हवा मोजायची असेल तर मशीनसोबत एक वही पण घ्या

आमच्या नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यात हिवाळ्यात रात्री दीड-दोन वाजता कधी कधी असा उग्र वास येतो की झोपेतून उठून खिडक्या लावाव्या लागतात, पोरगी खोकत उठते, आणि सकाळी हवेची स्थिती दाखवणारं सरकारी समीर ॲप उघडावं तर हवा 'मध्यम'. ॲप खोटं बोलतंय असं नाही हां. तिथला एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, मागच्या २४ तासांच्या सरासरीवर काढतात आणि हवा मोजणारं स्टेशन काही आपल्या गल्लीत नसतं, महापे, नेरूळ, ऐरोलीला आहे, ठाणेकरांसाठी उपवन, कासारवडवलीला आहे. रात्रीचे दोन तास त्या सरासरीत विरघळून जातात. म्हणून आपल्या गल्लीची नोंद आपणच ठेवायची.

त्यासाठी पीएम २.५, म्हणजे हवेतली अगदी बारीक धूळ, मोजणारा छोटा लेझर सेन्सर मिळतो, आत बारीक पंखा हवा खेचतो आणि कणांवरून उडालेल्या प्रकाशावरून आकडा काढतो. वायफायच्या छोट्या बोर्डाला जोडला की मोबाईलवर दिसतं, इंजिनीअरिंगचं पोरगं बिल्डिंगमध्ये असेल तर एका संध्याकाळचं काम.

खरी चूक होते जागा निवडताना. मी आधी किचनच्या खिडकीबाहेर लावला होता, रोज संध्याकाळी साडेसातला आकडा एकदम चढायचा, मला वाटलं रस्त्यावरचं ट्रॅफिक, चार दिवसांनी कळलं की खालच्या काकूंची फोडणी पडायची वेळ तीच आहे. तेव्हा किचन, एक्झॉस्ट, देवघराची खिडकी, एसीचं आउटडोअर यांपासून लांब, पावसाचं पाणी लागणार नाही पण हवा खेळती राहील असं लावा. आणि दमटपणा फार असला की सेन्सर पाण्याच्या थेंबांनाच धूळ समजतो, आकडा फुगतो. त्यामुळे पावसाळ्यातले आणि धुक्याच्या पहाटेचे आकडे घेऊन कोणाशी भांडू नका. बाजूला आर्द्रतेचा सेन्सर ठेवा आणि ८० टक्क्यांच्या वर असेल तर तशी खूण करा.

लावण्याआधी जमलं तर सरकारी स्टेशनजवळ राहणाऱ्या कोणाकडे आठवडाभर ठेवून बघा, तासातासाचे आकडे जुळवून आपलं मशीन किती जास्त किंवा कमी दाखवतं ते लिहून ठेवा. सेन्सर एक घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम धूळ आहे ते दाखवतो, एक्यूआय नाही, दोन्हींची गल्लत करू नका. आपल्याकडे पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५.

आता वही. हे मशीन धूळ मोजतं, वास देणारा गॅस त्याला कळतच नाही, तिथे आपलं नाकच कामाला येतं. वास आला की लगेच तारीख, वेळ, कसला वास (सडक्या अंड्यासारखा, रंगासारखा, जळक्या प्लास्टिकचा), वारा कुठून हे लिहायचं. वारा बघायला उदबत्ती पेटवून धूर कुठे जातो ते बघा, सेन्सरपासून लांब मात्र. आमच्याकडे दुपारी वारा खाडीकडून येतो, हिवाळ्यात रात्री उलटा, जमिनीकडून म्हणजे एमआयडीसीच्या बाजूने, म्हणून वास रात्रीच का येतो हे वहीतूनच लक्षात येतं. दोन-तीन बिल्डिंगच्या लोकांनी आपापल्या वह्यांत एकच वेळ लिहिली असेल तर त्याला 'तुमचा भास असेल' म्हणता येत नाही.

तक्रार करताना 'हवा फार खराब आहे' असं लिहू नका. बांधकामाची धूळ, कचरा जाळणं असेल तर महापालिकेच्या विभाग कार्यालयात (ठाण्यात प्रभाग समिती), कारखान्याचा वास असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, सोबत वहीच्या पानांचे फोटो आणि तारीखवार तक्ता, आणि पोचपावतीचा नंबर घ्याच. उत्तर आलं नाही तर १० रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज टाका, पाहणी कधी झाली आणि अहवालात काय आहे एवढंच विचारा, साधारण ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

मागच्या हिवाळ्यात आमच्या समोरच्या साइटवर तक्रारीनंतर पाण्याचा टँकर यायला लागला, हिरवी जाळी लागली, तुळशीच्या पानांवर सकाळी बोट फिरवलं तर राखाडी थर येणं कमी झालं. पाचव्या दिवशी टँकर बंद. ती तारीख पण वहीत लिहिली आणि जुन्या पोचपावतीचा नंबर टाकून पुन्हा अर्ज दिला.