जुना लॅपटॉप वायफायला जोडायला बसण्याआधी

घरात नवं फायबर कनेक्शन येतं. मोबाइल, टीव्ही लगेच जोडले जातात आणि २००६-०७ सालचा लॅपटॉप तेवढा अडून बसतो. मग बहुतेकांचा पहिला हात राउटरवर पडतो. सिक्युरिटी एक पायरी खाली आणून बघायची, नाही जमलं तर पासवर्डच काढून टाकायचा. हा मार्ग आधीच बंद करा. एका जुन्या मशिनपायी घरातल्या सगळ्यांचं नेटवर्क उघडं टाकण्यात काही अर्थ नाही. त्या मशिनला काय झेपतं ते आधी बघून घ्यायचं.

सुरुवात विंडोजपासून करा. ‘माय कॉम्प्युटर’वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. विंडोज एक्सपी असेल तर तिथे सर्व्हिस पॅक ३ (अपडेटचा तिसरा मोठा गठ्ठा) असं दिसायला हवं. हा पॅक २००८ साली आला आणि डब्ल्यूपीए२ (वायफायला कुलूप लावायची पद्धत) त्यात अंगचंच आहे. सर्व्हिस पॅक २ वर त्यासाठी वेगळं अपडेट टाकावं लागायचं, त्यामुळे पासवर्ड बरोबर असूनही कित्येक मशिनं जोडलीच जात नाहीत. व्हिस्टा आणि विंडोज ७ ला डब्ल्यूपीए२ ची अडचण नाही. त्याच्या पुढची पद्धत, डब्ल्यूपीए३, मात्र विंडोजमध्ये १० च्या २०१९ सालच्या आवृत्तीपासून आलं, म्हणजे राउटर नुसत्या डब्ल्यूपीए३ वर असेल तर ७ वर कितीही डोकं आपटा, उपयोग नाही.

विंडोजनंतर लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्सखाली त्याचं नाव आणि नंबर असतो, तो कागदावर उतरवून घ्या. व्हिस्टापासून पुढे कमांड प्रॉम्प्टवर ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स’ (netsh wlan show drivers) ही कमांड दिली की कार्डाला कोणती सिक्युरिटी येते त्याची यादीच समोर येते. मार्च २००६ पासून वायफाय प्रमाणपत्रासाठी डब्ल्यूपीए२ सक्तीचं झालं, त्यामुळे त्यानंतरच्या प्रमाणित कार्डांची फारशी काळजी नको. त्याआधीच्या कार्डांना कधी नवा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) पुरतो, कधी नाही. यादीत फक्त डब्ल्यूईपी ही सगळ्यात जुनी पद्धत निघाली तर त्या कार्डाचा नाद सोडा. डब्ल्यूईपी २००१ सालीच फोडलं गेलंय आणि आज ते उघडायला काही मिनिटं लागतात. यूएसबी वायफाय अडॅप्टर घेणं सोपं. पण घेण्याआधी खोक्यावर तुमच्या विंडोजचं नाव आहे का ते वाचा, बरेच नवे अडॅप्टर एक्सपीला ओळखही दाखवत नाहीत.

ड्रायव्हर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून पेनड्राइव्हमध्ये घ्या. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला असू द्या, कारण एक्सएफएटी हा फॉरमॅट एक्सपीला जादा अपडेटशिवाय वाचता येत नाही. जवळ लॅनची वायर ठेवा. अशा मशिनची बॅटरी बहुधा गेलेलीच असते, म्हणून चार्जर लावूनच बसा.

आता राउटर, पण नुसतं बघण्यासाठी. सिक्युरिटीच्या पानावर डब्ल्यूपीए२ आणि एईएस (माहिती गुप्त करायची पद्धत) ही जोडी हवी. डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ मिश्र ठेवलं तर काही जुनी कार्डं बिचकतात, तेव्हा डब्ल्यूपीए२-एईएस एवढंच ठेवून बघा. इतपत बदल चालतो. एईएसऐवजी टीकेआयपी या जुन्या पद्धतीकडे जाऊ नका, ते कमकुवत आहेच, शिवाय त्यावर वेग ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही. नेटवर्क यादीत दिसतच नसेल तर भानगड वेगळी. बी किंवा जी या जुन्या वायफाय प्रकारच्या कार्डाला राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क दिसत नाही, म्हणून २.४ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कला वेगळं नाव द्या. तरी दिसेना, तर २.४ वरचा वायफाय ६ मोड बंद करून पाहा, काही जुन्या ड्रायव्हरांना तो कळत नाही. आणि लॅपटॉप अमेरिकेहून कुणी पाठवलेला असेल (आपल्याकडे असे बरेच असतात) तर राउटर २.४ वर कोणत्या चॅनेलवर (उपपट्ट्यावर) आहे ते तपासा. आपल्याकडे १३ चॅनेल चालतात, तिकडची कार्डं ११ वरच थांबतात. राउटर आपणहून १२ किंवा १३ वर गेला की त्या लॅपटॉपच्या लेखी वायफाय नाहीसंच होतं. चॅनेल १, ६ किंवा ११ वर पक्कं करून टाका.

पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा, इंग्रजी अक्षरं-आकड्यांतला. तो आधी नोटपॅडमध्ये टाइप करून डोळ्यांनी वाचा. जुन्या लॅपटॉपांवर नमलॉक चालू राहिलं की यू, आय, ओ, जे, के, एल या बटणांतून आकडे उमटतात आणि पासवर्डच्या खिडकीत नुसते ठिपके दिसत असल्याने हे कळतही नाही. राउटरचा पासवर्ड मध्ये बदलला असेल तर विंडोजने जपून ठेवलेलं जुनं नेटवर्क आधी पुसा, नाहीतर ते जुन्याच पासवर्डाने दार ठोठावत बसतं.

लॅपटॉपच्या कडेला वायफायचा बारीक खटका आहे का, हे बघायचं राहून जातं. तो चालू आहे याची खात्री करा. एक्सपीवर आणखी एक भांडण असतं. कार्ड कंपनीचा स्वतःचा प्रोग्रॅम आणि विंडोजची वायरलेस झीरो कॉन्फिगरेशन सर्व्हिस दोघेही कार्डावर हक्क सांगतात आणि जोडणी लागते-तुटते. दोघांपैकी एकच ठेवा. माझं मत विंडोजच्या बाजूने. त्यासाठी कंपनीचा प्रोग्रॅम काढायचा, ड्रायव्हर तसाच ठेवायचा.

वायफाय जोडलं गेलं, राउटरचं पान उघडतं, पण बाहेरच्या साइट उघडत नाहीत, असं झालं तर वायफायला दोष देऊ नका. कोपऱ्यातली तारीख बघा. आतला सीआर२०३२ सेल संपला की घड्याळ काही वर्षं मागे जातं आणि ब्राउझर प्रत्येक साइटचं प्रमाणपत्र नाकारतो. तारीख ठीक असेल तर ब्राउझर जुना आहे. एक्सपीवरच्या इंटरनेट एक्स्प्लोरर ८ ला आजच्या साइटना लागणारं टीएलएस १.२ (सुरक्षित जोडणीची पद्धत) येत नाही. एक्सपीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार, म्हणजे सुरक्षेची अपडेट्स, ८ एप्रिल २०१४ ला संपला आणि ७ चा १४ जानेवारी २०२० ला. तेव्हा या मशिनवर गाणी ऐका, जुने फोटो बघा, घरातल्या प्रिंटरला कागद पाठवा. बँकेचं काम मोबाइलवरच करा.